टाकी रिकामी झाली

४ ऑगस्ट
आले एकदाची! ताईने बांधून दिलेला डबा वाटेतच फस्त केला. खोली कारखान्याच्या कुंपणाला लागून. पलंग कुरकुरतो, पण खिडकी मोठी आहे. काम सोपं. छपरांवरचं पावसाचं पाणी पाइपांतून जमिनीखालच्या टाकीत साठतं. ते मी पंपाने वर चढवायचं, यंत्रं थंड ठेवायला. पाणी फुकट, पगार मला!
फिटरकाका मिशीतल्या मिशीत हसणारे. लोखंडी खुर्ची टोचेल म्हणून त्यांनी आपली उशी मला दिली. एकच ताकीद दिली: पंप बंद करायचा नाही. वर गरज नसेल तर पाणी फिरवून पुन्हा टाकीतच सोडायचं. साचलं की कुजतं म्हणे.

७ ऑगस्ट
पावसाचा थेंब नाही. पंप दिवसभर चालू, तरी टाकीतली पातळी हलत नाही. काका चोरून बोअरचं पाणी सोडत असावेत, आणि साहेबांकडून शाबासकी घेत असावेत. कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात ना, इथे तर ते मुरायलाच तयार नाही.

९ ऑगस्ट
बोअरचा व्हॉल्व्ह काल गुपचूप बंद केला, त्याचं चाक खोलीवर आणलं. आज पातळी हातभर वर! पाण्याला ओले कपडे दडपून ठेवल्यासारखा वास येतोय.

१० ऑगस्ट
पंप पाणी ओढेना. जाळी उघडली तर आत शर्टाची बाही. आपल्याच गणवेशाची, मनगटाचं बटण लावलेलं. माझ्या आधीचा ऑपरेटर न सांगता नोकरी सोडून गेला, असं काकांनीच सांगितलं होतं. बाही बघताच त्यांनी ती माझ्या हातातून ओढून घेतली. मग ती खिशात कोंबली आणि कुणाला सांगू नकोस म्हणून विनवलं.
त्यांच्या हातचा चहा आता बंद.

१२ ऑगस्ट
साहेबांना सगळं सांगितलं. टाकी उपसायची ठरली. काकांनी सगळ्यांदेखत हात जोडले — पाणी बाहेर काढू नका, फिरतं ठेवा. साहेबांनी उडवून लावलं. मला वाटलं, चोर सापडला.

१३ ऑगस्ट
टँकरवाल्यांनी टाकी कोरडी केली. तळाशी काही नाही. गाळसुद्धा नाही. सगळे मला हसले.
पण शिडीची प्रत्येक पायरी ओली होती. आत कुणी उतरलंच नव्हतं. टाकीच्या तोंडापासून पुढे अनवाणी पावलं, ओली. बाहेर पडणारी. फक्त बाहेर पडणारी.

१४ ऑगस्ट
साहेब सापडत नाहीत. त्यांच्या खुर्चीतून पाणी ठिबकतंय.
काकांनी शेवटी तोंड उघडलं. तो ऑपरेटर टाकी साफ करायला उतरला होता. खालून जिवाच्या आकांताने ओरडायला लागला, मला वर घ्या म्हणून. आणि त्याच वेळी तोच, निथळत, काकांच्या शेजारी उभा राहून सांगत होता — खाली आहे तो मी नाही, झाकण लावा. काकांनी झाकण लावलं. वळून पाहिलं तर शेजारी नुसतं पाण्याचं थारोळं, टाकीकडे ओघळत चाललेलं.
तेव्हापासून पंप चालू ठेवला. फिरत्या पाण्याला उभं राहता येत नाही, म्हणाले.
आणि मी —

१५ ऑगस्ट
दुपार. फाटकापर्यंत सगळीकडे ओली पावलं. काका आणि मी पंपघरात, आतून कडी लावून. ते शेजारी बसलेत. 

दार वाजतंय. बाहेर काकांचा आवाज. काकांचाच. विचारतायत, पोरी, आत तुझ्याजवळ कोण आहे?

शेजारचे काका म्हणतात, उघडू नकोस. बाहेरचे रडतायत. आवाजात तसूभर फरक नाही —

शेजारच्यांनी खांद्यावर हात ठेवला. धीर द्यायलाच असेल. खांदा गार पडत चाललाय. पानावर थेंब — शाई फुटायला ला