कागदावर तीन माणसं

मुक्काम अमरावती, मार्गशीर्ष वद्य नवमी

कापूस काय माझ्या छातीवर रचता, असं मी खुशालरावले भर बाजारात विचारलं, पार्बताबाई, आणि तो नुसता हसला. घरमालक झाला म्हणून काय झालं? त्याच्या बापापासून बारा वर्षं त्या घरात राहून राहिलो, मागच्या वाडीत वांगी, मेथी, मुळे पिकवून अर्ध्या अमरावतीले खाऊ घातलं, आणि आता कुठल्या समुद्रापलीकडच्या मुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्याले सोन्याचा भाव आला, म्हणून माझी चूल उठवून तिथं गठ्ठे रचायचे! (लढाई सुरू करणाऱ्यांनी आधी मले विचारायले पाहिजे होतं.)

थांबा, नमस्कार राहिला. वडील ननंदबाई पार्बताबाई, मुक्काम अकोला, यांच्या पायाले धाकटी भावजय माणिकबाई दुरून हात लावते. तुमचे गुडघे कसे आहेत, दाजींचा खोकला कसा आहे, म्हैस व्याली का, हे सगळं मी विचारलं असं समजा. हे पत्र मी स्वतः लिहून राहिली, अक्षर पाहून हसू नका. माहेरी भावाच्या मागं बसून जेवढी अक्षरं उचलली तेवढीच. जोडाक्षर आलं की माझा हात अडखळते. अर्जनवीसाकडून लिहून घेतलं असतं, पण तो माझा अर्धा राग गाळून टाकते.

तर खालच्या कचेरीत आमी हरलो. घर सोडा म्हणाले. भाडेचिठ्ठी माझ्या नावावर (म्हाताऱ्या मालकाचा तुमच्या भावावर भरवसा नव्हता, माझ्यावर होता), म्हणून मी माझ्या नावानं वरच्या साहेबाकडं अपील ठोकलं. तो साहेब तुमच्या अकोल्याकडंच तंबू ठोकून बसला आहे म्हणतात. अपिलाचा निकाल लागेपर्यंत बाईले घरातून काढू नये, असा कागद आला. मले वाटलं जिंकलो! आळीभर गूळ वाटला. मग अर्जनवीसानं कागदाच्या खालच्या ओळी वाचून दाखवल्या. वाटलेला गूळ परत मागता येत नाही.

खालच्या ओळींत अटी. भाडं दर महिन्याले वेळेवर कचेरीत भरायचं, भरते. घराची भिंत पाडायची नाही, नवी घालायची नाही, ठीक. (मागची भिंत आपोआप पडून राहिली, तिले एकदा कागद वाचून दाखवला पाहिजे.) आणि तिसरी अट अशी, की मोजणीच्या दिवशी घरात जेवढी माणसं निघतील तेवढीच राहतील. एक जरी वाढलं तरी कागद रद्द, त्याच दिवशी आमी रस्त्यावर. कापसाच्या दिवसांत लोक आपली ओसरी दलालांले भाड्यानं देतात, म्हणून साहेबानं ही अट घातली. साहेबाचं चुकलं नाही. चुकलं ते तुमच्या आईचं.

आपली जमुना दसऱ्याले सासरहून, दर्यापूरहून, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, सातवा महिना लागलेला, हे तुमाले ठाऊकच आहे. मोजणीचा शिपाई आला तेव्हा मी टोपलं घेऊन बाजारात. ओसरीवर सासूबाई. शिपायानं विचारलं, "बुढे, घरात माणसं किती?" झालं! परक्या माणसानं पोटुशी पोरगी पाहिली तर नजर लागते, म्हणून सासूबाईंनी जमुनाले आधीच ज्वारीच्या कणगीमागं लोटलेलं. वरून म्हणाल्या, "तीन." नावं विचारली तर म्हणाल्या, "लेकाचं नाव घेऊ, सुनेचं घेऊ, अन् मग त्यांचं आयुष्य तू भरून देशील का रे?" शिपाई भ्यायला आणि कागदावर नुसता तीनचा आकडा टाकून गेला. तुमचे भाऊ तिथंच खांबाले टेकून बसलेले. एरवी गप्प बसा म्हटलं तर बसत नाहीत. त्या दिवशी एक शब्द बोलले असते तर आमी चार झालो असतो.

मी अर्जनवीसाले म्हटलं, जा, कचेरीत खरं सांग. तो म्हणते, आता सांगितलं तर खुशालराव म्हणेल, बाई पहिल्या दिवसापासून खोटी, आणि अपीलही बुडेल. मी विचारलं, जन्मलेलं पोर माणसात धरतात का? त्यानं खूप विचार केला आणि म्हणाला, "कागदात लहानमोठं लिहिलं नाही, बाई. रडेल तो माणूस."

आता खुशालरावाचा मुनीम वामनराव आमच्या दारासमोर कापसाच्या गठ्ठ्यावर बसून सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमची डोकी मोजते. म्हणून आमी सासूबाईंचं एकच हिरवं लुगडं ठेवलं. सकाळी ते सासूबाई नेसतात, दुपारी जमुना. एक बाहेर असली की दुसरी कणगीमागं. पदर नाकापर्यंत. पंधरा दिवस बरं चाललं. मग वामनरावानं मले अडवलं.

"माणिकबाई, तुमची बुढी सकाळी वाकून चालते अन् दुपारी ताठ. हे काहून?"

"थंडीनं आखडते, उन्हानं सुटते," मी म्हटलं.

"अन् पोट?"

"गोळा उठला."

माणूस मनाचा मऊ निघाला, हेच वाईट झालं. त्याची माय पोटातल्या गोळ्यानंच गेली, म्हणून डोळे पुसत निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वैद्य घेऊन आला. वैद्यानं सासूबाईंचं पोट दाबून पाहिलं. पोट सपाट. "गोळा कुठं आहे?" सासूबाई म्हणाल्या, "सकाळी नसते. दुपारचा येते." वैद्यानं चूर्णाची पुडी दिली आणि असा रोग बापजन्मात पाहिला नाही म्हणून बाजारभर सांगितलं. आता दुपारी माझ्या दारात आणखी दोन वैद्य येऊन बसतात. (सासूबाईंले हे फार आवडून राहिलं. एवढी विचारपूस त्यांची लग्नातही झाली नसेल.) जमुना बिचारी चार दिवसांपासून अंगणात पाय टाकू शकली नाही. सुभद्रा सुईण मागच्या पडक्या भिंतीवरून येते आणि म्हणते, हिले फिरवा, नाहीतर बाळंतपण जड जाईल. दर्यापूरले परत धाडावं तर गाडीचे धक्के आता सोसायचे नाहीत. दुसरीकडं खोली पाहावी तर साऱ्या अमरावतीत गाईचा गोठाही रिकामा नाही, सगळीकडं कापूस. माझी पोरगी कणगीमागं बाळंत होणार नाही, एवढं मात्र मी ठरवलं आहे.

असो. आमचं आमी निभावून राहिलो. तुमी काळजी करू नका, काही धाडू नका. काही मागायसाठी हे पत्र नाही, फक्त मन मोकळं केलं. दाजींले नमस्कार.

तुमची
माणिकबाई

ता. क. एक राहिलंच. कागदात नावं नाहीत, आकडा आहे. तेवढं सासूबाईंनी बरं केलं. अपील माझं, तेव्हा मले हलता येत नाही. मी, जमुना आणि होणारं लेकरू, झाले तीन. म्हणून तुमची आई आणि तुमचे भाऊ तुमच्याकडं येतील, निकाल लागेपर्यंत. दरवेळी जाताना तुमी डोळ्यांले पदर लावून म्हणता, माय माझ्याकडं चार दिवस राहत नाही, भाऊ कसा वाळला. आता घ्या दोघंही. सासूबाईंले भाकर मऊ लागते. तुमच्या भावाले रोज साहेबाच्या कचेरीत तारीख विचारायले धाडा, पण फक्त विचारायले. बोलू देऊ नका.

ता. क. सुभद्रा म्हणते पुनवेआधी काही नाही, पण पोट पाहता दोन असतील. तसं झालं तर एकाले कणगीमागं ठेवू. दोघं एकाच सुरात रडले तर वामनराव एकच मोजेल.

ता. क. हे पत्र सूर्यभान गाडीवान आणून देईल. उत्तर पौष शुद्ध पंचमीच्या आत त्याच्याच हाती पाहिजे. "हो" एवढंच लिहा, त्यात जोडाक्षर नाही. उत्तर नाही आलं तर मी हो समजून षष्ठीच्या सकाळी दोघांले गाडीत बसवते.