घागर तुमच्या हातून भरायची आहे

पिंपळखेड, ता. जळगाव जामोद
१० एप्रिल २०२६

चि. अर्जुनभाऊजी यांना वहिनीचा आशीर्वाद. छायाला आणि मुलांनाही सांगा. आम्ही खुशाल आहोत. गोपालचा कांदा बरा निघाला. सुचिता बाळंतपणाला आली आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण अजून माझंच ऐकतात.

फोन केला असता. पण तुम्ही ‘हाव वहिनी, पाहतो वहिनी’ म्हणत मला वाटेला लावता. पत्राला तसं ‘ठेवतो’ म्हणता येत नाही.

एकोणीस तारखेला अखाजी आहे, पितरांची घागर भरायची अक्षय्य तृतीया. तुमचे दादा गेल्यानंतरची पहिली. त्यांच्या नावाची नवी घागर तुमच्या हातून भरली जावी, ही माझी इच्छा आहे. मुलगा म्हणून मान गोपालचा, म्हणून आधी त्याला विचारलं. तो म्हणाला, “काकाले बलाव आई. मी बाजूले बसतो.”

सरपंचकीच्या निवडणुकीत तुम्ही दादांच्या विरोधात उभे राहिलात. निवडून आलात, पाच वर्षं कारभार केलात आणि मग नांदुऱ्याला धान्याचं दुकान थाटलंत. एवढ्या काळात आमचा उंबरा ओलांडला नाही. दादांना पोचवायला आलात, सगळ्यांच्या मागे उभे राहिलात आणि पाणीही न घेता परत गेलात. मला दिसलं होतं.

भाऊजी, इथे दादांचा विषय निघाला की रडण्यापेक्षा हसूच जास्त येतं. माणिकराव आणि रामरावांचं शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून वाजलं होतं ना? दादा रोज एकाकडे चहा घ्यायचे, मग दुसऱ्याकडे. “कोनाचा चहा चांगला हे अजून ठरलं नाही, उद्या पुन्हा येतो,” म्हणायचे. शेवटी दोघंही कंटाळले आणि धुरा जागेवर आला. घरी मात्र यांना पित्त! थंड दूध पीत माझ्यावरच चिडचिड करायचे.

मला टायफॉईड झाला तेव्हा सुचिताच्या वेण्या तेच घालायचे. एक कानाजवळ, एक मानेवर. ओट्यावर पंचायतीची माणसं खोळंबलेली, आणि हे तोंडात रिबीन धरून “आलो, आलो” करत आतच. परवा सुचिताने ते सांगितलं आणि आम्ही मायलेकी पोट धरून हसलो. मग जरा रडलोही.

लिहायला बसले ते अजून आलंच नाही. मीच टाळते आहे. त्यांनी मला कोणाला सांगू नको म्हटलं होतं. पण आता ते नाहीत, आणि तुम्ही असं तोंड लपवून राहावं हे त्यांनाही नको होतं.

मतमोजणीत तुम्हा दोघांची मतं सारखी झाली. शाळेतल्या एका लहान मुलीने चिठ्ठी उचलली, तुमचं नाव निघालं. तुमच्या बाजूच्या पोरांनी आमच्या दारात गुलाल उधळला, फटाके फोडले. तुम्ही मान खाली घालून पुढे निघून गेलात. नुसत्या नशिबाने दादांची खुर्ची घेतली, हेच तुमच्या मनाने घेतलंय ना?

त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, “एक मत जास्त असतं तर?” ते भाकरी मोडत म्हणाले, “एक होतं ना. माहंच होतं. ते अर्जुनले देलं.”

माझा घास हातातच राहिला. “काऊन?” मी ओरडलेच.

“माह्या हातानं माह्या भावाच्या विरोधात बटन दाबू काय? फॉर्म भरताना हे सुचलं नाही, तिथं उभा राह्यल्यावर सुचलं. बोटच उठे ना. त्याले सांगू नको. दादानं दान देलं असं त्याले वाटीन. चांगला करीन तो, करू दे.”

आठवडाभर मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. ते खुशाल होते. तुम्ही तळ्याचा गाळ काढलात तेव्हा मुद्दाम पाहून आले, आणि त्या रात्री एक पोळी जास्त खाल्ली.

तेव्हा नशिबाचं ओझं खाली ठेवा. चिठ्ठीच्या आधी तुम्हाला दादांचं मत होतं. छायाला घेऊन आदल्या दिवशीच या. यायचं नसेल तर तसं घरी येऊन सांगा.

त्या निवडणुकीत तुमच्या विरोधात मत दिलेली,
तुमची वहिनी
सत्यभामा