वसूचा दाखला

६ फेब्रुवारी १९८४, वालावल
दिवाळीपासून वहीला हात लावला नाही. चूक माझी. शाळेचं कारण खोटं. वसूचं लिहावं लागेल म्हणून टाळलं. आत्येभाऊ, अजून तिशीही नाही, हृदयाची झडप खराब. विहिरीवरून कळशी आणली तरी ओठ निळे. मुंबईत फुकट शस्त्रक्रिया होऊ शकते, पण गरिबीचा दाखला हवा. पैसे भरून ती करणं माझ्या पगारात बसत नाही, हे बोलून झालंय. तलाठी चौकशीला येणार.

९ फेब्रु.
तलाठी आले, नेमके दिवेलागणीला. आत्याने आमच्याकडून तांदूळ नेऊन घावणे केले, सोबत नारळाचा रस. तांदूळ मीच दिले. तेव्हाच कळायला हवं होतं.
"घरात खाण्यापिण्याचं कसं?"
"देवाच्या दयेन सगळा आसा."
"काही कमी?"
"कमी कित्या पडतला? आणिक एक घेवा."
दिवा लागलेला, पाहुणा जेवतोय. अशा वेळी 'नाय' हा शब्द आत्याच्या तोंडून निघत नाही. मला ठाऊक होतं, तरी गप्प बसले. तिच्याच ओटीवर तिला खोटं कसं पाडायचं?
बेड्याशी, कुंपणाच्या फाटकाजवळ, तलाठी हसून म्हणाले, "बाई, या गरीब, तर मग मी भिकारीच."

११ फेब्रु.
दाखला नामंजूर. फेरचौकशी होईल, पण घरच्या कर्त्या माणसाने पंचांसमोर सांगायला हवं, की घरात काही नाही.
आत्याला विचारलं. ती भांडी घासत राहिली. मग गोव्यातल्या पेडण्याचं, ती माहेरी परतण्याआधीच्या सासरचं काढलं. पोर्तुगीज होते तेव्हाचं. आतोबांना पणजीच्या इस्पितळात फुकट ठेवायचं तर गावच्या रेजिदोराने, म्हणजे तिथल्या पाटलाने, गरीब म्हणून लिहून द्यायचं. रेजिदोर दारात आला. सासऱ्यांनी त्याला पाटावर बसवलं, काजूगर पुढे केले, म्हणाले, "आमकां कांयच उणें ना." आतोबा घरीच वारले.
"मामंजींची मान ताठ रवली," आत्या म्हणाली.
"पण आतोबा गेले गो."
"तां माका म्हायत आसा."


१४ फेब्रु.
मी तिला कुठल्या तोंडाने शिकवू? मला 'नाही' म्हणणं कधी जड गेलेलं नाही. आणि खरंच गरीब का ती? घर आहे, चार माड आहेत. मग आमच्याकडचे तांदूळ...? ठरवता येत नाही.
तलाठ्यांकडे जाऊन मीच खरं सांगितलं. "बाई, तुम्ही त्या घरच्या नव्हे." बरोबर आहे. आई नाही तर सज्ञान मुलगा चालेल म्हणाले. म्हणजे आईच्या देखत, पंचांसमोर, तिचं घर रिकामं आहे असं वसूने बोलायचं.
संध्याकाळी तो ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. "बाय, तलाठ्याक घावणे आवडले मां?" हसला, मग दम लागला. आम्ही दोघीच इतके दिवस ठरवत बसलोय. त्याला कोणी काही विचारलंच नाही.

उद्या : आत्या देवळात गेली की वसूशी बोलणे.