मागची बरॅक

सोमवार, ३ तारीख
आलो एकदाचा. तुरुंगात राहायला मिळालं म्हणून खूश होणारा मी पहिलाच असेन! ताईला फोनवर तसं सांगितलं, तर म्हणाली, तिथे तरी तोंड सांभाळ. कचेरीच्या वरची खोली दिली आहे, हवेशीर. एक्स-रेचं यंत्र जुन्या धोबीखान्यात मांडलं. काम सरळ आहे : प्रत्येक कैद्याच्या छातीचा फोटो काढायचा, डाग दिसला की थुंकी तपासायची, क्षय निघाला की माणूस तुरुंगाच्या डॉक्टरांच्या हवाली. मदतीला एक वयस्क कैदी आहेत. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. रांग अशी लावतात, जणू प्रार्थनेला पोरं उभी आहेत.

गुरुवार, ६
हात बसला. हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास धरा. क्षय निघालेल्यांना मागच्या बरॅकमध्ये हलवतात. डॉक्टर म्हणाले, तिथे औषध, दूध, अंडी सगळं मिळतं. सहा महिन्यांत माणूस ठणठणीत. सकाळी दात घासताना तिथला खोकला माझ्या खोलीत ऐकू येतो.

मंगळवार, ११
रांगेत मात्र कुणीच खोकत नाही. आज नीट पाहिलं. दाबून धरतात. मानेच्या शिरा फुगलेल्या, डोळ्यांत पाणी. एकाने सदऱ्याची बाही तोंडात कोंबली होती. मास्तरांना विचारलं, हे काय? म्हणाले, मागच्या बरॅकमध्ये गेलेला कुणी परत आलेला नाही, साहेब. मी म्हटलं, अजून सहा महिने कुठे झालेत? ते हसले. म्हणाले, तुमच्याआधीही एक यंत्र येऊन गेलंय.

शुक्रवार, १४
मास्तरांचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पोकळी. थुंकीतही जंतू. ते पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. डाग नाही असं लिहा, म्हणाले. पण रात्री ते बाकीच्यांना चिकटून झोपतात. खरं तेच लिहिलं. त्यांना नेलं तेव्हा काहीच वाटलं नाही. पुढच्याला हाक मारली.

सोमवार, १७
मागच्या बरॅकमधला खोकला कमी झालाय. डॉक्टरांना म्हटलं, गुण येतोय वाटतं. ते चहा ढवळत राहिले. मग औषधाच्या खोलीत गेलो. गोळ्यांची खोकी सीलबंद. सगळीच. डॉक्टर म्हणाले, आत जायला कुणी तयार होत नाही हो. जेवण दाराखालून सरकवतात.

मंगळवार, १८
मी जातो म्हटलं. डॉक्टरांनी नुसती मान डोलावली. ताईचा फोन वाजत होता. उचलला नाही.

बुधवार
गोळ्या घेऊन आत आलो. मागे कडी पडली. वाटलं, सवयीने—

दार ठोठावलं. शिपाई बाहेरून म्हणाला, रागावू नका साहेब, आत गेलेला माणूस बाहेर काढायचा नाही, वरचा हुकूम आहे. रडत होता बहुतेक.

खिडक्या विटांनी बुजवल्यात. दाराच्या फटीशी बसून लिहितोय. ज्यांचे हात पुढे आले त्यांना गोळ्या दिल्या. बाकीचे—

मास्तर कुठेत, विचारलं. दोघांनी थोडं सरकून भिंतीशी मला जागा करून दिली. तिथली चादर अजून कोमट—