पूर्ण मापाची स्टेपनी

२ मार्च, रविवार

पोचलो. पण काय उपयोग! ती झोपून गेली होती. पायांत बूट तसेच.

इतकी वर्षं दत्तकासाठी अर्ज, चौकशा, घर बघायला येणारी माणसं — आणि आज पहिल्यांदा तिला भेटायचं, तर घाटातच पुढचा टायर फाटला. वर्गात अख्ख्या जगाचे नकाशे काढणारा माझा नवरा, आमचे मास्तर, डिकी उघडून आत बघतच राहिले. मीही. गाडी घेतल्यापासून डिकीतला गालिचा उचलून बघायची बुद्धी कुणाला झाली नव्हती! आत स्टेपनी होती, पण ही एवढीशी. बारीक. वर पिवळा कागद चिकटवलेला — हळू चालवा, जवळच्या गॅरेजपर्यंतच वापरा. जवळचं गॅरेज! आजूबाजूला दगड आणि एक बकरी.

लावली तीच. गाडी एका अंगाला ओढायला लागली. मास्तर घट्ट स्टिअरिंग धरून, मी घट्ट दाराचं हँडल धरून. घाट उतरल्यावर रस्त्याचं काम चाललेलं, नुसती खडी पसरलेली. तिथे त्या बारकीनेही जीव सोडला. फोनला रेंज नाही. बसून राहिलो. शेवटी एका दूधवाल्याने टेम्पोत घेतलं. कॅनांच्या मधे उकिडवं बसून आम्ही आमच्या मुलीला भेटायला गेलो!

तोवर दिवस कलला होता. संस्थेतल्या ताई चांगल्या आहेत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सकाळपासून पायरीवर बसली होती. जेवायलाही आत येईना. मग आपणच उठली आणि म्हणाली, नाही येत ते."

दारातून पाहिलं. भिंतीकडे तोंड. दोन वेण्या. एक सुटलेली.

३ मार्च, सोमवार

मास्तरांचं लक्ष नाही. सकाळी चहात साखर दोनदा घातली आणि तसाच प्यायले.

सासूबाई त्यांना समजावत होत्या. "अरे, गाडी आहे, बिघडायचीच. सहा वर्षांची पोर आहे ती, समजेल तिला."

"नाही समजणार, आई," मास्तर म्हणाले. "आजवर तिला जे जे 'येतो' म्हणाले ते आलेच नाहीत. आता आम्ही त्यातलेच."

  मी माझ्या सोफे दुरुस्तीच्या दुकानात जाऊन एका सोफ्याचं जुनं कापड टराटरा उसवलं. बरं वाटलं.

संध्याकाळी मास्तरांनी जाहीर केलं — "मला पूर्ण मापाची स्टेपनी पाहिजे. खालच्या चार चाकांसारखी. तशीच्या तशी."

६ मार्च, गुरुवार

टायरवाला हसला. "ताई, ही लहान गाडी. कंपनीने खळगाच बारक्या चाकापुरता दिलाय. मोठं चाक आत जाईल, पण वर उरेल."

खरंच उरलं. गोल बरोबर बसतो, खोली पुरत नाही. चाक चांगलं वीतभर नाही, पण चार-पाच बोटं तरी वर येतं. वरची फळी त्याच्यावर ठेवली की हलते, मुलांच्या सीसॉसारखी. शिवाय चाक आवळायचा मधला बोल्ट आखूड पडतो. शिवाय जॅक आणि पाना बारक्या चाकाच्या पोटात बसायचे, त्यांना आता जागा नाही. एकाला घर दिलं की दुसरा बेघर!

"राहू दे की," टायरवाला म्हणाला. "पंक्चरचं सामान ठेवा, हवा भरायचा पंप ठेवा."

"टायर फाटला तर पंप काय करील?" मास्तर म्हणाले. आवाज असा की टायरवाला मुकाट माप घ्यायला लागला. चाक मात्र छान दिलं. त्याच मापाचा टायर, लोखंडी रिम. नटसुद्धा लावून बघून दिले, बसतात का ते.

घरी आणलं. आता ते दिवाणखान्यात आहे. सासूबाईंनी त्यावर वर्तमानपत्र घालून चष्म्याचं घर ठेवलं.

९ मार्च, रविवार

भांडण!

मास्तरांनी सकाळी चाक डिकीत उभं केलं आणि दोरीने मागच्या सीटला बांधून टाकलं. "झालं! एवढ्यासाठी डोकं पिकवत होतो."

मी म्हटलं, चला, एक चक्कर मारू. कोपऱ्यावर कुत्रं आडवं आलं, मास्तरांनी ब्रेक दाबला — आणि मागून धाड्! दोरी तुटून चाक सीटच्या पाठीवर आदळलं होतं.

"अहो, त्या सीटवर ती बसणार आहे," मी म्हणाले. "तिच्या पाठीमागे सुटं चाक ठेवता?"

"मग काय करू? सांग ना! परत दूधवाल्याची वाट बघू?"

"ओरडू नका."

"मी ओरडत नाहीये!" — असं ओरडून ते चालत घरी गेले. गाडी मी आणली.

नंतर गच्चीवर गेले तर कठड्याला टेकून उभे. म्हणाले, "मला एकच भीती आहे. पुढच्या रविवारीही ती पायरीवर बसेल, आणि आपण पुन्हा कुठेतरी अडकू." मग, अगदी हळू, "की ती बसणारच नाही?"

मी जवळ उभी राहिले. माझ्याही मनात तेच होतं. 

१३ मार्च, गुरुवार

आज सोफ्याचं माप घेताना एकदम डोक्यात आलं. बैठक खाली दबलेली असली तर आपण काय करतो? फ्रेम उंच करतो! चाक खाली जात नाही ना, मग जमीन वर आणू!

दुपारी दुकान बंद करून डिकीत शिरले. अक्षरशः शिरले, पाय बाहेर. शेजारीण विचारून गेली, बरं आहे ना? खळग्याभोवती चाकाच्या उंचीची प्लायवूडची चौकट बसवायची. चौकट आणि गाडीची कड यांच्यामधल्या पोकळीत कडक फोम. एका बाजूच्या फोममध्ये जॅकच्या आकाराचं भोक, दुसऱ्या बाजूला पान्याचं. वर फळी, फळीवर गालिचा. डिकी चार-पाच बोटं उथळ होईल. होऊ दे. आम्हाला कुठे हत्ती न्यायचाय?

मास्तर हार्डवेअरमधून लांब बोल्ट घेऊन आले. तीन तऱ्हांचे. सॉरी म्हणाले नाहीत, पण फोम कापताना न सांगता धरून बसले. मग म्हणाले, "तू हे आधी का नाही सुचवलंस?"

"तुम्ही ओरडत होतात."

हसले. किती दिवसांनी!

१५ मार्च, शनिवार

बसलं. टाचणीलाही जागा नाही. बोल्ट आवळला, चाक हलत नाही. फळी वर ठेवली, मी तिच्यावर उभी राहून नाचले. मास्तरांनी गल्लीत तीनदा ब्रेक दाबून पाहिला. मागून चूं नाही की चां नाही.

सासूबाई म्हणाल्या, "आता माझं चष्म्याचं घर कुठे ठेवू?"

१६ मार्च, रविवार

अंधारातच निघालो आणि इतके लवकर पोचलो की गेट उघडलेलं नव्हतं.

ती पायरीवर नव्हती. ताई आत घेऊन गेल्या. ती टेबलाशी चित्र काढत बसलेली. आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चित्रात. मी आणलेली कापडी बाहुली टेबलावर ठेवली. हात लावला नाही.

मास्तर समोर खाली बसले. म्हणाले, "मागच्या वेळी आम्ही निघालो होतो. गाडीचं चाक फाटलं. तुला वाट बघायला लागली. चुकलं आमचं."

चित्रावरून मान न उचलता बोलली. "सगळे असंच म्हणतात."

मला वाटलं, संपलं. पण मास्तर म्हणाले, "बघायचंय चाक?"

ती थांबली. ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली. आम्ही चौघं अंगणात. मी फळी उचलली. तिने वाकून आत पाहिलं, मग खालच्या चाकांकडे, मग परत आत.

"हे कशाला?"

"पुन्हा फाटलं तर लावायला. म्हणजे उशीर नको."

"माझ्यासाठी?"

मास्तर उगाच जॅक पुसायला लागले. मीच म्हटलं, "हो ग. तुझ्यासाठीच."

तिने टायरवर दोन चापट्या मारल्या, टणक आहे का बघायला. "ह्याला घट्ट बसवलंय ना?"

"तूच बघ."

दोन्ही हातांनी हलवायला गेली. हललं नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं — पहिल्यांदा, नीट. पुढचे दात पडलेत! निघताना बाहुली तिच्या काखेत होती.

येताना मास्तर सबंध घाट गुणगुणत होते. बेसूर. मी अडवलं नाही.

३० मार्च, रविवार

आणि आज झालंच पंक्चर! खिळा. मागचं चाक.

मला हसूच आलं. मास्तरांनाही. गाडी सपाट जागी घेतली, दुसऱ्या चाकांना दगड लावले. नट आधी ढिले, मग जॅक. पूर्ण मापाचं चाक चढलं, आणि गाडीला पत्ताही नाही की काही बदललंय. ना ओढणं, ना लंगडणं. खडीवरूनही आरामात. इतकं हलकं वाटलं, जणू छातीवरचं ओझं कुणी उतरवून घेतलं.

वेळेच्या आधी पोचलो. ती पायरीवर होती!

मास्तरांचे काळे हात बघून ओरडली, "काका, फाटलं?"

"फाटलं नाही, पंक्चर झालं."

"आणि तरी आलात?"

"आलो की!"

ती धावत आत गेली आणि सगळ्यांना ओढून बाहेर घेऊन आली. लावलेलं चाक कुठलं ते दाखवत होती, गाडी तिच्याच मालकीची असल्यासारखी. "हे आमचं जास्तीचं चाक."

आमचं. गाडीत बसल्यावर मास्तरांना विचारलं, ऐकलंत? म्हणाले, "ऐकलं. गप्प बस, गाडी चालवायचीय मला."

१० एप्रिल, गुरुवार

ताईंचा फोन. समितीने होकार दिला. शनिवारी घेऊन जा!!

सासूबाई देवासमोर नाही, फोनसमोर हात जोडून उभ्या. मी दुकानात जाऊन विनाकारण सगळे फोम नीट रचले. मास्तरांनी पाचही चाकांची हवा तपासून घेतली.

११ एप्रिल, शुक्रवार

पलंग मांडला. चादर तीनदा बदलली. फुलांची नको, चौकटीची. नको, फुलांचीच.

१२ एप्रिल, शनिवार, पहाटे

निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात ताईंचा फोन. एवढ्या सकाळी! मी स्पीकरवर लावला, मास्तर जवळ आले. काही झालं असेल, नाही म्हणत असतील.

तसं नव्हतं. गेल्या महिन्यात शिशुगृहात एक तान्ही मुलगी आली, तिचे कागद काल जुळले. दोघींची आई एकच. "कायद्याने आधी तुम्हाला विचारायचं, तिलाही घ्याल का," ताई म्हणाल्या. "घाई नाही. विचार करा. मोठीला अजून ठाऊक नाही की तिला बहीण आहे. तिला मी सांगू, की —"

"हो! आम्ही सांगतो तिला," मी म्हणाले.

मास्तरही तेच म्हणाले. एकदमच.