ट्यूबची मान

नाना, त्या सकाळी पाणी भरून झालं होतं आणि मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले होते. मोरीत कपडे भिजत पडलेले, आत्याबाई गवार मोडतायत. तुमचा मुलगा जाऊन चार महिने झाले होते. मी एक काम संपायच्या आत दुसरं काढायची, हात रिकामे राहिले की बसवायचं नाही. बाहेरच्या खोलीत तुमचं दुकान, तिथून तुमची हाक आली. "सूनबाई, ताट ठेव खाली आणि इकडं ये." टेबलावर पाठ उघडलेला टीव्ही होता. तुम्ही म्हणालात, "कोपरखैरण्यात घरटी एक टीव्ही आहे. हे काम काही संपायचं नाही. शिकून घे."

मी चौथीपर्यंत शिकलेली. तुमचं दुरुस्तीचं पुस्तक मी बोट ठेवून वाचायला लागले आणि मग हाताला लागेल ते वाचत राहिले. पण टीव्हीला हात लावला त्या पहिल्या दिवशी मी पुस्तक विसरले आणि दोन्ही हात आत घातले. तुम्ही केवढ्यानं ओरडलात! "दोन हात घालायचे तर आधी सासूचा निरोप घेऊन ये!" आतून आत्याबाई म्हणाल्या, "निरोप कशाला, चहा पण पिऊन जाऊ दे की." मला हसू फुटलं. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच हसले असेन. मग तुम्ही माझा डावा हात धरून पाठीमागं नेलात आणि मला तो कमरेला पदरात खोचायला लावलात. टीव्ही महिनाभर बंद असला तरी मोठ्या नळीत, म्हणजे चित्र दिसतं त्या काचेच्या ट्यूबमध्ये, वीज दडून बसते. तारेचं एक टोक ट्यूबच्या बाहेरच्या जाळीला, दुसरं स्क्रू ड्रायव्हरला, आणि त्याचं पातं हळूच ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली. चट् असा आवाज येतो. थोड्या वेळानं पुन्हा एकदा, कारण ती परत थोडी साठते. तीस वर्षं मी हे असंच करते आहे. आता मिक्सर आणि इस्त्र्याच येतात, तरी डावा हात आपोआप मागं जातो. बायका विचारतात, कंबर दुखते का.

दुसरी गोष्ट तुम्ही शेवटी शेवटी शिकवलीत. ट्यूबमध्ये हवा नसते, म्हणून ती वीज काढल्यावरही धोक्याची; घाव बसला तर काच उडवत फुटते. कुणाला भंगारात द्यायची तर तिच्या मानेच्या टोकाचं काचेचं बारीक बोंड कापडाखाली धरून पकडीनं मोडायचं. बारीक सुस्कारा येतो, हवा आत जाते. मग ती नुसती काच. "दुसऱ्याच्या हातात देताना मान आपण मोडायची," असं तुम्ही म्हणायचात, "तो मोडेल म्हणून सोडायची नाही." मी कितीतरी ट्यूबच्या माना मोडल्या. तुमच्या टीव्हीची मला मोडवली नाही.

बाहेरची खोली एका शिंपीणबाईला द्यायचं ठरलं, म्हणून दुकान आवरायला काढलं. तुमचा टीव्ही अजून लागत होता. चॅनेल कुठलं दिसणार, नुसत्या मुंग्या, पण उजेड स्वच्छ यायचा. मी पाठ उघडली, वीज दोनदा काढली, पट्ट्या सोडवल्या, मानेवरचं तांबं उतरवलं. सगळं तुम्ही शिकवलं तसं. मग पकड हातात घेऊन बसून राहिले. मान मोडली की ती ट्यूब पुन्हा कधीच लागणार नव्हती. मला वाटलं, कुणाला तरी अखंड विकली जाईल, कुठंतरी लागेल. आज कोण ट्यूब घेतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

तुर्भ्याहून एक बाई हातगाडी घेऊन भंगार न्यायला येते. परभणीकडची आहे, तोंडाची फटकळ. म्हणाली, "आवो ताई, एवढं रताळं मी कुठं ठिवू? काचेला कुत्रं इचारत नाही."

"लोखंडी पट्टा आहे बघ तोंडाभोवती," मी म्हटलं.

तिनं हात लावण्याआधी माझ्याकडं पाहिलं. "हिच्यात करंट न्हाई ना?"

"नाही. मी स्वतः काढलाय."

ते खरं होतं, नाना. तिनं विचारलं तेवढ्याचं उत्तर मी दिलं. आतल्या पोकळीबद्दल बोलले असते तर ती म्हणाली असती, मग मोडून द्या. आणि मला मोडावी लागली असती.

तिसऱ्या दिवशी तिची जाऊ दारात आली. लोखंडी पट्टा निघेना म्हणून बाईनं ट्यूबवर दगड घातला होता. ट्यूब बार उडाल्यासारखी फुटली आणि काच उजव्या डोळ्यात गेली. मी तशीच दवाखान्यात गेले. डोळ्यावर जाड पट्टी, हातावर टाके. डॉक्टर म्हणाले, डोळा वाचेल की नाही ते आठ दिवसांनी कळेल. मी तिच्या पायाशी उभी राहिले. हात कुठं ठेवावेत कळेना. मला पाहून तीच मला समजवायला लागली. "चूक माझीच हाय ताई. तुमी तर करंट काढून दिला होता. रडू नका बरं." मग शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला म्हणाली, "ह्या ताई टीव्हीच्या मास्तरीण हायेत. बाई असून सगळं खोलत्यात." म्हातारीनं मला हात जोडले.

घरी येऊन दुकानात बसले. कोपऱ्यात अजून तीन ट्यूब होत्या. तुम्ही असता तर ओरडला असता, आणि तुमच्या ओरडण्यानं मला थोडं तरी बरं वाटलं असतं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. हे लिहिलेले कागद पाठवायचे कुठं? ज्यांच्यासाठी मी ट्यूब अखंड ठेवली, त्यांनाच विचारते आहे की आता काय करू.

दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि वरण घेऊन गेले. तिला भरवलं, तोंड पुसलं, तिची वेणी घातली. तिनं विचारलं, "ताई, करंट नव्हता, मंग फुटली कशानं?" मी म्हटलं, "काय माहीत," आणि डबा धुऊन घरी आले.