हार घातलेला फोटो

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

देवास
कार्तिक वद्य ६, सोमवार
१० नोव्हेंबर २०२५

ती. दादास,

अलकाचा साष्टांग नमस्कार. सौ. वहिनींनाही सांगावा.

आम्ही सगळे ठीक. यांची फॅक्टरीतली नोकरी मार्चमध्ये संपली. आता घरीच असतात, एकच पेपर दोनदा वाचतात. थंडी सुरू झाली आहे. नऊ वर्षांनी तुला लिहिते आहे, तेव्हा तू म्हणावं की तुम्ही, यातच जरा वेळ गेला. लहानपणापासून तूच म्हणत आले, तसंच लिहिते.

अक्षदा तिच्या पिक्चरसाठी हॉल मागायला तुझ्याकडे धारला येऊन गेली, हे मला शुक्रवारी कळलं. मला न विचारता गेली. तू मंडळाचा सचिव म्हणून हॉल फुकट दिलास, आणि बाहेरच्या फळ्यावर ‘आमच्या भाचीचा पिक्चर, रविवार ता. २३, सर्वांनी यावे’ असं स्वतःच्या हातानं लिहिलंस. तिनं मोबाईलमध्ये दाखवलं. अक्षर ओळखलं मी.

म्हणून हे पत्र. तेवीस तारखेच्या आत तुला एक गोष्ट कळायला हवी. मुलांकडून एक चूक झाली आहे. पण आधी पिक्चरचं सांगते, नाहीतर चूक समजणार नाही.

पिक्चरचं नाव ‘चौथी चाबी’. हिंदीत आहे, बेचाळीस मिनिटांचा. अक्षदाच्या इंदूरच्या कॉलेजातल्या सात मुलांनी मिळून केला. एका घरातले वडील वारलेले असतात. लोखंडी पेटीला चार किल्ल्या, त्यातली चौथी सापडत नाही, आणि जो शोधायला लागतो त्याचा खून होतो. ती किल्ली असते भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोमागे चिकटवलेली. हे शेवटी कळतं. तुला आधीच सांगितलं म्हणून अक्षदा रागावेल, पण तिला मराठी हस्ताक्षर धड वाचता येत नाही, म्हणून निश्चिंत लिहिते.

मुलांनी एकोणीस हजार जमवले होते. हिशेबाची वही माझ्याकडे दिली, कारण प्रणव म्हणून जो कॅमेरावाला आहे, तो पैसे खिशात ठेवून पँट धुवायला टाकतो. घर आमचंच वापरलं. मी दोन अटी घातल्या. देवघर पिक्चरमध्ये दिसायचं नाही आणि एकादशीला घरात खून नको. प्रणव म्हणाला, “मावशी, मर्डर तो आज ही फिक्स है, लाइट किराये की है.” मी म्हटलं, द्वादशीला करा, माझं पारणं झाल्यावर. मग एकादशीला त्यांनी नुसते पावलांचे आवाज घेतले. रक्तासाठी कुंकू मागत होते. ते कसं देणार? बीट उकडून त्यात गुळाचा पाक घालून दिला. मुंग्या आल्या, पण रंग छान आला. यांना हवालदाराचं काम दिलं. वाक्य एकच, “चलिए, थाने चलिए.” दोन दिवस न्हाणीघरात पाठ करत होते.

तयार झाल्यावर दोन-तीन स्पर्धांना पाठवला, कुठूनच उत्तर नाही. मी म्हटलं, मोबाईलवर टाका आणि मोकळे व्हा. अक्षदा म्हणाली, “आई, मोबाईलवर लोक घाबरले की नाही, हे मला कसं दिसणार?” मग पेनड्राइव्ह आणि मागून आणलेला प्रोजेक्टर घेऊन पोरं गावोगाव फिरली. खातेगावला शादी हॉलमध्ये, तिकीट वीस रुपये. हाटपिपल्याला ऐन खुनाच्या वेळी वीज गेली आणि बाया खरंच किंचाळल्या. पीपलरावांला शाळेच्या भिंतीवर दाखवला, तिथे तर लोकांनी पुन्हा लावायला लावला. आता धार.

तर चूक. पिक्चरमधल्या वारलेल्या वडिलांचा म्हणून भिंतीवर जो फोटो आहे, हार घातलेला, तो तुझा आहे. मास्तरकी लागली तेव्हा स्टुडिओत काढलेला, कोट आणि मिशीचा. अकरा वेळा दिसतो. एकदा तर पडदाभर.

अक्षदानं तुला या वेळी पांढऱ्या केसांत, चष्म्यात पाहिलं. तिच्या डोक्यात आलं नाही. पण वहिनी ओळखतील. धारमधलं आपलं प्रत्येक माणूस ओळखेल. आणि तू पहिल्या रांगेत बसणार.

दादा, मुलांकडून चूक झाली असं वर लिहिलं आहे. ते खोटं आहे. पान भरत आलं म्हणून फाडत नाही, तसंच राहू दे.

प्रणव बाजारातून कुणाचा तरी फोटो फ्रेम करून आणणार होता. मीच म्हटलं, फालतू खर्च कशाला, माझ्याकडे आहे. तो फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत होता, नऊ वर्षांपूर्वी काढून ट्रंकेत ठेवला होता. अक्षदा तेव्हा लहान, तिला तो आठवत नव्हता. तिनं विचारलं, कोण हे? मी म्हटलं, लांबचे एक, वारले; आणि यांना डोळ्यांनी दटावलं. हारसुद्धा मीच घातला. चंदनाचा. आपल्या माईंच्या फोटोवरचा काढून घातला. खिळ्यावर सरळ बसला की नाही, एवढंच पाहिलं.

पौषात, माईंना अग्नी दिला त्या दिवशी, घाटाच्या पायऱ्यांवर, चार लोकांदेखत मी म्हटलं होतं की आजपासून मला भाऊ नाही. तू माझ्यासाठी थांबला नाहीस आणि मला जन्मदात्या माईंचं तोंड दिसलं नाही, म्हणून. तेव्हापासून प्रत्येक भाऊबीजेला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते, भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं. यंदा धरून नऊ झाल्या. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, “ताई, तुम्हाला भाऊ नाही का?” मी नाही म्हटलं. एवढं बोलून झाल्यावर फोटोला हार घालणं मला जड गेलं नाही, हे खरं आहे.

पण शूटिंगचा एक दिवस राहिला सांगायचा.

मुलांना मुंज तलावावर सूर्य बुडतानाचा शॉट हवा होता. डबे घेऊन मीही गेले होते. हो, धारला आले होते मी, जूनमध्ये. तुझी गल्ली बसच्या खिडकीतून पाहिली. मुलं जीप करायची म्हणत होती. जीपवाला बावीसशे सांगत होता. मी म्हटलं, बस आहे की. देवास ते इंदूर, तिथून धार, असे आम्ही कॅमेरा मांडीवर घेऊन गेलो. घाटाबिल्लोदच्या पुढे बस अडकली. तलावावर पोचलो तेव्हा सूर्य गेलेला. प्रणव रागावला नाही, हसून म्हणाला, “मावशी, बस तो सस्ती पड़ी, सूरज महँगा पड़ गया.” बाकीची मुलंही हसली. मी पायरीवर बसून डबे उघडले. मला एक घास गेला नाही.

कारण माई गेल्या त्या दिवशी सकाळी साडेदहाला तुझा फोन आला होता. तू म्हणालास, “अलका, गाडी करून ये. पैशांचं बघू नकोस, पैसे मी देतो.” शेजारची जीप दारात उभी होती. जीपवाला अठराशे म्हणत होता. मी त्याच्याशी घासाघीस केली, आणि तो खाली येईना तेव्हा बस धरली. वाटलं, तीनपर्यंत पोचू. ती बसही अशीच अडकली. मी पावणेसहाला पोचले. गाडी मिळाली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. यांनाही. आजवर.

तू सव्वापाचपर्यंत थांबला होतास. गुरुजी दिवस मावळतो म्हणत होते तरी थांबला होतास, हे वहिनींनी तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकून घेतलं नाही. आणि मी पायऱ्यांवर एवढं बोलले, तेव्हा तू चार लोकांत म्हणू शकला असतास की मी हिला गाडी कर म्हटलं होतं. तू तसं म्हणाला नाहीस.

मुलं पुढच्या रविवारी जीपनं परत गेली, शॉट छान आला. त्यांना दुसरा रविवार मिळाला.

शुक्रवारी अक्षदाला फोटोचं सांगितलं. आधी म्हणाली, “आई, तू तो मामांनाच मारून टाकलंस!” आणि हसली. मग माझ्याकडे पाहून जवळ येऊन बसली. फोटो काढला तर गोष्टच राहत नाही, म्हणते, पण तू म्हणशील तर धारचा खेळ रद्द करायला तयार आहे. तुझा हॉल, तुझा फोटो. नको असेल तर फळा पुसून टाक, मला काही कळवू नकोस, पुसलेला कळेल.

पुसला नाहीस तर मी तेवीसला येते आहे. गाडीनं.

हार माईंच्या फोटोला परत घातला आहे.

तुझी,
अलका


देवास
मार्गशीर्ष शु. ५, मंगळवार
२५ नोव्हेंबर २०२५

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. आम्ही सुखरूप पोचलो.

तू मला बोलू दिलं नाहीस, सारखा “आधी चहा घे, आधी जेव” करत राहिलास, म्हणून पुन्हा कागद घेतला.

रविवारी हॉलमध्ये माझं पिक्चरकडे लक्ष नव्हतं, तुझ्या मानेकडे होतं. पहिल्यांदा फोटो आला तेव्हा मागे कुणीतरी “अरे, ये तो रत्नाकर सर!” म्हणालं आणि सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता उठून जातोस. आणि तू अंधारात, वर्गात बोलायचास त्या आवाजात, म्हणालास, “मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. मोजा रे, किती वेळा येतो ते.” त्यानंतर प्रत्येक वेळी लोक मोठ्यानं आकडा म्हणत होते. अकराव्याला टाळ्या पडल्या. अक्षदा बाहेर येऊन रडली. म्हणे, थ्रिलरची पूरी वाट लागली, कोई डरा ही नहीं. मी म्हटलं, मी घाबरले होते, तेवढं पुरे.

वहिनींनी मात्र घरी आल्याआल्या मीठ-मोहऱ्यांनी तुझी दृष्ट काढली आणि माझ्याशी जेवेपर्यंत बोलल्या नाहीत. त्यांचं बरोबर आहे. त्यांना सांग, राग जाईपर्यंत मी वाट पाहीन.

मी निरांजन पिशवीत घालून आणलं होतं. भाऊबीज उलटून महिना झालेला, म्हणून काढावं की नाही ते कळेना. तूच पाट मांडून बसलास आणि म्हणालास, “चल, उशीर झाला.” एवढंच. त्या एका शब्दावर मी वाटभर विचार केला. रागानं म्हणालास की सहज, ते मला ठरवता आलं नाही. ठरवणार नाही.

माईंचं तू काहीच काढलं नाहीस. मी पत्रात लिहिलेलं तुला पोचलं का, हेही मला कळलं नाही, देवासला उतरेपर्यंत.

दारात उतरल्यावर मी गाडीवाल्याला पैसे द्यायला पाकीट काढलं. तो घेईना. म्हणाला, “हो गया, आंटी. धार वाले भाईसाहब ने दे दिए. बोले, नौ साल पहले बोला था कि मैं दूँगा.”

मी फाटकाशी उभी राहिले. हे आतून हाक मारत होते, अक्षदा प्रोजेक्टर उतरवून आत गेली, तरी उभी होते. मग रोज संध्याकाळी खर्चाची वही लिहिते, तशी लिहायला बसले. पौषातल्या त्या दिवसाची वही शोधून काढली. त्यात बसचं तिकीट लिहिलेलं आहे, बाकी काही नाही. परवाच्या तारखेला ‘गाडी’ एवढंच लिहिलं. पुढे काही लिहिलं नाही.

तुझा फोटो बाहेरच्या खोलीत पुन्हा लावला आहे, त्याच खिळ्यावर. हार नाही. यांना विचार हवं तर.

उशिरा पोचलेली तुझी बहीण,
अलका